आम्ही ट्रायलवर आहोत

सत्यनारायणाचा प्रसाद तोंडात घालण्याआधी फोन करून परवानगी मागणारा माणूस मी आजवर एकच पाहिलाय. आमच्या सोसायटीच्या पूजेला शिगवणांच्या उजव्या हातात शिरा होता, डाव्या हातात फोन होता आणि मागे प्रसादाची रांग खोळंबली होती.

"मॅडम, शिरा आहे. रवा, साखर, तूप, केळं. एक मिनिट हं." मग गुरुजींकडे वळून, "वेलची घातलीय का?"

गुरुजींनी घाबरून मान हलवली.

"वेलची पण आहे मॅडम. बेदाणेही दिसतायत. चालेल? बरं, बरं. थँक्यू."

फोन खिशात टाकून त्यांनी तो शिरा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोच्या हातावर ठेवला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "परवानगी आहे." सगळी रांग त्याचसाठी ताटकळली होती असा त्यांचा समज असावा.

स्वतःसाठी त्यांना परवानगी लागत नव्हती. ते मघाशीच दोन द्रोण संपवून बसले होते. परवानगी होती ती शिगवणकाकूंसाठी.

रघुनाथ शिगवण आमच्या समोरच्या दारात राहतात. गोडदेवला, म्हणजे भाईंदर पूर्वेच्या ज्या भागात एका इमारतीच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या गॅसवर काय शिजतंय ते दिसतं, तिथे समोरचं दार म्हणजे जवळजवळ आपलंच घर. शिगवण मूळचे रत्नागिरीकडचे. इथल्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली. माल आत, माल बाहेर, मधे शिगवण. एक डाव कमी भरला म्हणून त्यांनी भरलेला टेम्पो गेटवर अडवून पुन्हा खाली करायला लावला होता, ही गोष्ट ते स्वतःच अभिमानाने सांगतात. त्या ड्रायव्हरची बाजू मला कधी ऐकायला मिळाली नाही.

असा माणूस रिटायर झाला की त्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरून चालायचा मला पगार मिळतो. तेव्हा माझी बारीकसारीक चौकशीची हौस ऑफिसातच भागते. शिगवणांची भागायची नाही. जिन्यातले बल्ब, गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, वॉचमनच्या झोपेच्या वेळा, सगळ्यावर त्यांची नजर. सोसायटीच्या मीटिंगला ते उठून उभे राहिले की सेक्रेटरी पाणी प्यायला निघून जायचे.

मग काकू विसरायला लागल्या.

सुरुवातीला चहात मीठ पडलं, कुकरला शिट्टी लावायची राहिली, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पण एकदा त्या कोथिंबीर आणायला खाली उतरल्या आणि संध्याकाळी एक रिक्षावाला त्यांना घेऊन आला. आपलं घर कुठे ते त्यांना सांगता येत नव्हतं. फक्त "दारासमोर तुळस आहे" एवढंच त्या सांगत होत्या, आणि गोडदेवला तुळस कुणाच्या दारात नाही? तो बिचारा त्यांना घेऊन गल्लोगल्ली फिरला. डॉक्टर झाले, स्कॅन झाले, आणि स्मृतिभ्रंशाचा आजार आहे असं निदान झालं. त्या दिवसापासून शिगवणांचं टाक्यांच्या झाकणांकडे लक्ष राहिलं नाही.

मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात या आजारावरच्या नव्या गोळीचा अभ्यास, म्हणजे ट्रायल, चालू होता. गोळी आजार बरा करणारी नव्हती. विसरण्याचा वेग थोडा कमी होतो का, एवढंच बघायचं होतं. ट्रायल घेणाऱ्या प्राजक्ता मॅडमनी दोघा नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती ते मॅडमना माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. मधेच सोडावंसं वाटलं तर केव्हाही सोडता येईल. शिगवणांनी एवढे प्रश्न विचारले की मॅडमचा डबा खायचा राहून गेला. शेवटी काकूंना विचारलं, "आजी, तुमची इच्छा आहे का?" तेव्हा काकू बऱ्यापैकी भानावर होत्या. त्या म्हणाल्या, "करते मी सही. ह्यांना तेवढंच काम मिळेल."

आणि काम मिळालं. असं मिळालं की बस.

"आम्ही ट्रायलवर आहोत," असं शिगवण म्हणतात. गोळी एकट्या काकूंना, पण ट्रायलवर दोघं. बोलण्याच्या ओघात "आमची गोळी", "आमची व्हिजिट", "आमचे साइड इफेक्ट" असंही येतं. काकूंना जरा मळमळलं तर शिगवण स्वतःच्या पोटावर हात फिरवत फोन लावतात.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, पण ही गोळी नुसती पिठाची असली तर?"

"असू शकते."

"मग एवढं सगळं कशासाठी?"

ते माझ्याकडे नवशिक्या हमालाकडे बघावं तसं बघत राहिले. "परब, पेटीत काय आहे ते मला माहीत नाही. पण पेटी वेळेवर पोचवायचं काम माझं आहे ना?"

गोळी ठेवायची कुठे, यावर त्यांनी पहिला आठवडा घालवला. दमट जागी नको, उष्ण जागी नको, फ्रिजमध्ये तर अजिबात नको, असं मॅडमनी सांगितलं होतं. शिगवण थर्मामीटर घेऊन घरभर हिंडले. स्वयंपाकघर बाद, गॅसची धग. बाथरूमचं कपाट बाद, ओल. देवघरही बाद, समई. शेवटी बेडरूममधलं लोखंडी कपाट पास झालं, आणि त्यातही काकूंच्या साड्यांचा मधला कप्पा. ती पांढरी बाटली काकूंच्या नारळीकाठी साडीवर जाऊन बसली. गोळ्या दुसऱ्या डबीत काढायला मॅडमनी मनाई केली होती, म्हणून बाटली जशीच्या तशी.

मग कार्ड. ट्रायलमधल्या माणसाने एक कार्ड जवळ बाळगायचं असतं. हा माणूस अमुक अभ्यासात आहे, दुसरं औषध देण्याआधी या नंबरवर विचारा, असं त्यावर लिहिलेलं असतं. लोक ते पाकिटात ठेवतात. शिगवणांनी ते लॅमिनेट करून, निळ्या पट्ट्याला लावून काकूंच्या गळ्यात घातलं. मंगळसूत्र, मोहनमाळ आणि ट्रायल. भाजीवालीला वाटलं, म्हातारपणी काकूंना महापालिकेत नोकरी लागली. तिने पाणी कमी दाबाने येतं म्हणून त्यांच्याकडे तक्रारसुद्धा केली. काकूंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि "बघते" म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या जिग्नाबेन मनाने फार चांगल्या. डोक्याला बरं म्हणून त्यांनी ब्राह्मी, शंखपुष्पी आणि आणखी कसकसल्या मुळ्या कुटून चूर्ण केलं आणि बरणी घेऊन तीन जिने चढून आल्या.

"भाभी, ट्रायल में हैं हम," शिगवण दारातच म्हणाले. "बाहर का कुछ नहीं चलता."

"पण आ बाहर का क्यां छे? घर में कूटा है!"

"घर का भी नहीं चलता."

"अरे, जड़ीबूटी है. इससे कुछ नहीं होता."

"कुछ नहीं होता तो देना क्यों?"

यावर जिग्नाबेन महिनाभर शिगवणांशी बोलल्या नाहीत. काकूंशी मात्र बोलत होत्या, कारण भांडण झालंय हे काकूंना दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं.

पण नाक्यावरच्या मेडिकलवाल्याचं तोंड मात्र कायमचं बंद झालं. काकूंना सर्दी झाली. जवळच्या डॉक्टरने सर्दीची एक साधी गोळी लिहून दिली. शिगवण दुकानात चिठ्ठी घेऊन उभे, आणि फोन मॅडमना. मेडिकलवाला वैतागून म्हणाला, "काका, सर्दी की गोली है, बम नहीं है." तेवढ्यात पलीकडून उत्तर आलं. ट्रायलच्या डॉक्टरांनी ती गोळी द्यायची नाही म्हणून सांगितलं. या आजाराच्या माणसाचा गोंधळ त्या जातीच्या गोळीने आणखी वाढू शकतो. वाफ द्या, उद्या आणून दाखवा. शिगवणांनी फोन स्पीकरवर टाकून ते वाक्य डॉक्टरांना पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून शिगवण दुकानात शिरले की मेडिकलवाला उठून उभा राहतो.

ट्रायलचे नियम शिगवण फक्त गोळीपुरते वापरत नसत, ही खरी पंचाईत होती. गोळी एखादे दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, असा एक नियम आहे. राहिली ती राहिली, फक्त मॅडमना कळवायचं. आता आमचा दूधवाला यादव एक दिवस आला नाही आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कल का भी आज दे दूँ?"

"कल रह गया ना? रह गया," शिगवण म्हणाले. "डबल कभी नहीं."

"पर काका, दूध है."

"डबल कभी नहीं!"

सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एकाच्या बायकोलाही विसरायचा त्रास सुरू झाला होता. त्याने शिगवणांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, एक-दोन गोळ्या मिळतील का, बघू फरक पडतो का. शिगवण म्हणाले, "तुझा दात घासायचा ब्रश दे मला." तो दोन पावलं मागे सरकला. "नाही ना देत? मग गोळी पण नाही देत. डॉक्टरांकडे घेऊन जा तिला. मी येतो बरोबर." आणि खरंच गेले. त्या बाईंना बहुतेक शिगवणांचे प्रश्न ऐकूनच धडाधड आठवायला लागलं असणार.

एकूण काय, आम्ही सगळे त्यांना हसत होतो. माझी बायको वीणा तेवढी हसायची नाही. ती म्हणायची, "अहो, त्यांना एवढंच वाटतंय की आपण कुठे चुकलो नाही तर काकू राहतील." मी म्हणायचो, गोळी चुकवली नाही म्हणून आजार थांबत नाही. ती म्हणायची, "ते त्यांना पण माहितीय."

आता ती साखरेची गोष्ट सांगतो.

ठरावीक दिवसांनी हॉस्पिटलात जायचं असतं. जाताना जुनी बाटली उरलेल्या गोळ्यांसकट परत न्यायची, मॅडम गोळ्या मोजणार, नवी बाटली देणार. त्या दिवशी शिगवणांचा पाय मुरगळला होता आणि मला सुट्टी होती, म्हणून मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. आधी डॉक्टरांनी काकूंना तपासलं. तीन शब्द सांगितले, छत्री, नदी, खुर्ची. लक्षात ठेवा म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, तर काकू गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं लग्न झालं का हो?" शिगवण मान खाली घालून आपल्या चपलेकडे बघत बसले. आदल्या खेपेला काकूंनी यातला एक शब्द सांगितला होता.

मग आम्ही मॅडमच्या टेबलाशी गेलो. शिगवणांनी पिशवीतून बाटली काढून ठेवली. इथे तरी ते परीक्षेत पहिले येणार होते, नेहमी येत. मॅडमनी झाकण फिरवलं आणि बाटली मोजायच्या ट्रेमध्ये उपडी केली.

आधी साखर पडली. चांगली मूठभर. मागून साखरेत घोळलेल्या गोळ्या आल्या.

मॅडमनी बाटली उलटी धरून आत बघितलं. मी शिगवणांकडे बघितलं. माल आत आणि माल बाहेर करण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, हे काय आहे?"

उत्तर काकूंनी दिलं, आणि तेही जरा रागावून.

"रिकामी कशी द्यायची गो बाटली? तळाला चार गोळ्या ठेवून? लोक काय म्हणतील?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी कसंतरीच झालं. आमच्या कोकणात शेजारचं भांडं घरात आलं की ते रिकामं परत जात नाही. आमटीची वाटी आली तर जाताना तिच्यात शेंगदाणे जातील, पोहे जातील, घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर जाईल. पण रिकामं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. बायका हे मुलींना चालायला शिकवता शिकवता शिकवतात. हॉस्पिटलची बाटली हॉस्पिटलला परत चाललीय, एवढं काकूंनी ओळखलं होतं आणि शेजारधर्म पाळला होता.

मॅडम ओठ दाबून हसू आवरत होत्या. पण डॉक्टरांना बोलवावं लागलं, आणि डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बाटली त्यांच्या हाताला लागलीच कशी?"

प्रश्न बरोबर होता. जिला सकाळी गोळी घेतल्याचं दुपारी आठवत नाही, तिच्या हाताला गोळ्यांची बाटली लागली तर ती पुन्हा पुन्हा घेऊ शकते. बाटली कुलपात ठेवायची आणि किल्ली शिगवणांकडे, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. "काका, औषध सुरक्षित राहणार नसेल तर मला त्यांना ट्रायलमध्ये ठेवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

शिगवणांना खोटं बोलता आलं असतं. कुलूप बिघडलं होतं, किल्ली एकदाच विसरली, असं काहीही. रोज माझ्यासमोर लोक याहून फुटकळ कारणांसाठी याहून मोठं खोटं बोलतात. शिगवण म्हणाले, "किल्ली मी कपाटालाच ठेवत होतो."

"का?"

"साड्या आहेत तिच्या त्यात. कुलूप लावलं की दार ओढत बसायची. माझ्या साड्या कुणी नेल्या, असं म्हणून रडायची. चुकलंच माझं. पण मला बघवायचं नाही."

मॅडमनी तोवर कोरड्या रुमालाने एकेक गोळी पुसून मोजली होती. दोनदा मोजली. हिशेब बरोबर होता. काकूंनी बाटलीत घातलं होतं, काढलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी काकूंना पुन्हा नीट तपासलं, आणखी दोन प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, चालू ठेवू. पण बाटलीला वेगळी कुलपाची पेटी, ती काकूंचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, आणि मॅडम घरी येऊन बघून जातील. शिगवणांनी सगळ्याला मान हलवली. मॅडमना झाला प्रकार रीतसर नोंदवायचा होता, आणि "परत आलेल्या औषधात साखर" हे कुठल्या रकान्यात लिहायचं यावर त्या आणि डॉक्टर बराच वेळ इंग्रजीत बोलत होते.

परतताना गाडीत शिगवण नव्या बाटलीची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. मागच्या सीटवर काकूंना डुलकी लागली होती. मला वाटलं, बोलणी खाल्ल्याचं दुःख असणार. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "छत्री नाही आठवली."

"हो ना."

"नदी नाही, खुर्ची नाही." मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा लॉटरी लागल्यासारखा. "पण भांडं रिकामं द्यायचं नाही, हे आठवलं ना परब?"

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आमची बेल वाजवली. "वहिनी, जरा विरजण मिळेल का?" वीणाने वाटीत दिलं. शिगवण कुणाकडे काही मागायला आले, हीच सोसायटीतली मोठी बातमी होती. संध्याकाळी वाटी परत आली. काकूंच्या हातात होती, साखरेने शिगोशीग भरलेली, आणि त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत साखरेची रेघ. मागे शिगवण हात पाठीशी बांधून उभे.

"रिकामी नाही हो दिली," काकू म्हणाल्या.

"काकू, कशाला त्रास घेतलात?" वीणा म्हणाली. तेही त्या रीतीतलंच वाक्य, म्हणावंच लागतं. काकू खूश झाल्या.

मग हे वाढतच गेलं. आज हळद, परवा जिरं, पुढे चिंचेचं बुटुक. दर वेळी वाटी आमची आणि दर वेळी ती काकूंच्या हातून भरून यायची. साखर, तांदूळ, साबुदाणा. एकदा त्यात दोन लवंगा आणि एक सेफ्टी पिन होती. वीणाने तीही "वा, मला हवीच होती" म्हणून घेतली आणि पदराला लावली. आमच्या दारात मुंग्यांनी बिऱ्हाड केलं.

माझ्या धंद्यामुळे मला संशय आला. मी म्हणालो, "या माणसाकडे वाणसामानाची यादी पाठ असते. याच्या घरची हळद संपतेच कशी?"

"संपलेली नाहीये," वीणा म्हणाली. "बरणीभर आहे. मी बघितलीय."

"मग?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे विचारायची गरज उरली नाही. मला फार उशिरा कळतं, हे तिला लग्नापासून माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून विरजण मागायला शिगवण आले की मीच उठून मोठ्यातली मोठी वाटी शोधायला लागलो.

पावसाळा संपून गेला, दिवाळीही झाली. मधून मधून काकू मला "भाऊजी" म्हणायच्या, मधून मधून "कोण हे?" विचारायच्या. वाटी मात्र यायची. कधी दोन दिवसांनी यायची, कधी वीणाच्या ऐवजी त्या ती जिन्यातल्या वॉचमनच्या हातात द्यायच्या, पण भरलेली यायची.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात शिगवण होते. एकटेच. हातात आमची वाटी, साखरेने भरलेली. मी वाटीकडे बघितलं. काकू भरायच्या तेव्हा साखरेचा डोंगर व्हायचा आणि कडेने सांडत यायचा. ही काठोकाठ होती, वरून सपाट, सुरीची पाठ फिरवून केल्यासारखी. जमिनीवर एक कण नव्हता.

"हिने दिलीय," शिगवण म्हणाले.

वीणा आतून आली होती. तिनेही वाटी बघितली. ती दोन्ही हातांत घेत म्हणाली, "काकूंना सांगा हं काका, कशाला त्रास घेतलात."

"सांगतो."

ते वळले आणि आपल्या दारात शिरले. दार त्यांनी पूर्ण लावलं नाही, काकूंना बंद दार चालत नाही म्हणून हल्ली लावत नाहीत. आम्ही अजून उंबऱ्यातच होतो. आतून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा, स्टोअरमधल्यासारखा.

"प्राजक्ता मॅडम, शिगवण बोलतोय. रविवारचा त्रास देतोय. नाही, गोळी वेळेवर दिली. पेटी कुलपात आहे. काही बदल दिसला तर व्हिजिटपर्यंत थांबू नका, लगेच कळवा म्हणाला होतात, म्हणून फोन केला." पलीकडून काय बदल ते विचारलं असावं. "मॅडम, आज ती वाटी रिकामीच घेऊन निघाली. हो, दारापर्यंत गेली. नाही, साखरेचा डबा मी उघडून तिच्या समोरच ठेवला होता."